नाताळची मुळे आणि गुलामांची सुटी

'नाताळ' हा शब्द आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे वापरतो की तो बाहेरून आला आहे हे ध्यानातही येत नाही. पोर्तुगीजांबरोबर 'नाताल' गोव्या-वसईच्या किनाऱ्याला लागला आणि मराठीने त्याला 'ळ' जोडून आपलासा केला. पोर्तुगीजांकडे तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'नातालिस' म्हणजे जन्मदिवस. हा शब्द धरून आणखी मागे गेलो की आपण रोममधील इ. स. ३५४ च्या एका ग्रंथापाशी येऊन पोहोचतो. व्हॅलेंटिनस नावाच्या एका धनिक ख्रिस्ती गृहस्थासाठी फिलोकालस नावाच्या सुलेखनकाराने तो लिहून सजवला होता. त्यातील दिनदर्शिकेत २५ डिसेंबरपुढे नोंद आहे : अजिंक्याचा नातालिस, रथांच्या तीस शर्यती. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव. त्याच ग्रंथात पुढे हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची एक यादी आहे. तिच्या अगदी आरंभी, त्याच तारखेला, यहूदियातील बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे. ही यादी मुळात ३३६ च्या सुमारास तयार झाली असावी असे अभ्यासक मानतात.

म्हणजे एकाच घरात, एकाच ग्रंथात, एकाच तारखेला दोन जन्मदिवस सुखाने नांदत होते. एक सूर्याचा आणि एक येशूचा.

यावरून पुष्कळजण एक सोपा निष्कर्ष काढतात. चर्चने सूर्याचा सण पळवला, त्याच्यावर येशूचे नाव चिकटवले आणि भोळ्या लोकांना फसवले. आपल्या चळवळीतील वाचणारी तरुण मंडळीही डिसेंबर आला की हे उत्साहाने सांगतात. धर्मचिकित्सा करणाऱ्याला असा निष्कर्ष आवडावा हे समजण्यासारखे आहे. पण आवडते म्हणून ते सिद्ध होत नाही. वस्तुस्थिती अशी की, २५ डिसेंबर हा सूर्याचा जन्मदिवस असल्याची रोममधील सर्वात जुनी नोंद हीच, ३५४ च्या ग्रंथातली. सम्राट ऑरेलियन याने २७४ मध्ये सूर्याचे मंदिर बांधले हे खरे. पण ते २५ डिसेंबरलाच खुले झाले असे त्या काळचा कोणताही लेख सांगत नाही. उलट बाजूला, ख्रिस्ती पंडितांचे एक स्वतंत्र गणित होते. येशूला क्रुसावर दिले ते २५ मार्चला, असे पश्चिमेकडील चर्च इ. स. २०० च्या सुमारापासून मानू लागले होते. ज्या दिवशी मृत्यू त्याच दिवशी गर्भधारणा, अशी समजूत पुढे रूढ झाली. ऑगस्टिनने ती नोंदवून ठेवली आहे. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. १८८९ या एकाच वर्षी जर्मनीत हर्मान उझेनर याने सूर्याच्या बाजूने आणि फ्रान्समध्ये लुई द्युशेन याने गणिताच्या बाजूने मांडणी केली. तेव्हापासून हा वाद चालू आहे, आणि आज गणिताचे पारडे पूर्वीपेक्षा जड झाले आहे.

चर्चने सण पळवल्याचा म्हणून जो पुरावा नेहमी पुढे केला जातो, तो बाराव्या शतकातील एका सिरियाक बिशपच्या ग्रंथाच्या समासात कोणीतरी लिहिलेल्या टिपेचा आहे. घटनेनंतर आठशे वर्षांनी लिहिलेली ही टीप! ती साक्ष म्हणून कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

मग सूर्याचा काही संबंधच नव्हता काय? होता. पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप लिओ आपल्या नाताळच्या एका प्रवचनात तक्रार करतो की, संत पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढून आल्यावर काही ख्रिस्ती लोक आत जाण्याआधी वळतात आणि उगवत्या सूर्यापुढे मान लववतात. लिओला याचे दुःख होते. मला मात्र त्या पायऱ्यांवरची माणसे फार ओळखीची वाटतात. धर्म बदलला, देव बदलला, पण मान पूर्वेकडे वळायची ती वळलीच. आपल्यापैकी ज्यांनी १९५६ नंतरची पहिली काही वर्षे आपल्या घरात पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

ईस्टरची कथा आणखी बोधक आहे. आठव्या शतकात इंग्लंडमध्ये बीड नावाचा एक विद्वान मठवासी होऊन गेला. (नाव ऐकून मराठवाड्याची आठवण होते, पण हा माणूस उत्तर इंग्लंडचा.) ७२५ मध्ये कालगणनेवर लिहिलेल्या ग्रंथात तो सांगतो की, आपल्या पूर्वजांचा वसंतातला एक महिना 'इओस्त्रे' या देवीच्या नावाने ओळखला जाई, आणि तेच नाव आता ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाला पडले आहे. या देवीविषयी जुन्या ग्रंथांतला पुरावा एवढाच. पुढे १८३५ मध्ये याकोब ग्रिम याने तिची जर्मन बहीण 'ओस्तारा' तर्काने उभी केली. १९५८ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला दीडशेच्या वर रोमनकालीन शिलालेख सापडले. त्यांत मिळत्याजुळत्या नावाच्या मातृदेवतांचा उल्लेख आहे, त्यामुळे बीडच्या म्हणण्याला थोडे बळ आले. पण हे सारे नावापुरते. युरोपातील बहुतेक भाषांत या सणाचे नाव ज्यूंच्या 'पेसाह' वरून आले आहे. आपल्याकडे वसईचे ख्रिस्ती 'पास्का' म्हणतात ते त्यामुळेच. पेसाह हा तरी कशाचा सण? इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा.

ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार, हे जे सर्रास छापले जाते ते निखालस खोटे आहे. त्याचा प्रसार केला अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. त्याचा हेतू इतिहास शोधण्याचा नव्हता. रोमन कॅथलिक चर्च हे बाबिलोनच्या मूर्तिपूजेचेच दुसरे रूप आहे, हे त्याला दाखवायचे होते. म्हणजे प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांवर फेकण्यासाठी घडवलेला हा दगड आहे. तो आपण उचलून फेकावा यात कसला आला बुद्धिवाद? ईस्टरच्या सशाची नोंद सतराव्या शतकाच्या आधी सापडत नाही. अंडी चाळीस दिवसांच्या उपवासात वर्ज्य होती, कोंबड्या मात्र उपवास पाळत नव्हत्या. ती साठत गेली आणि सणाला संपवली गेली, इतकी ती साधी गोष्ट आहे. नाताळचे झाड आल्सेस प्रांतात सोळाव्या शतकात दिसू लागते. त्याला प्राचीन वृक्षपूजा म्हणायला कसलाही आधार नाही.

ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, त्यांनी कच्च्या पुराव्यावर उभे राहू नये. आपल्याविरुद्ध कच्चा पुरावा वापरला गेला म्हणजे काय होते हे आपण भोगले आहे.

तेव्हा कोणता सण कोणाकडून आला हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून मी दुसराच प्रश्न विचारतो. त्या जुन्या सणांत तळच्या माणसाला काय मिळत होते, आणि नव्या धर्मात जाताना त्यातले काय आत घेतले गेले व काय दाराबाहेर राहिले?

यासाठी सॅटर्नेलियाकडे पाहिले पाहिजे. सॅटर्न हा रोमन लोकांचा पेरणीचा जुना देव. कथा अशी की, ज्युपिटरने त्याला सिंहासनावरून हाकलले आणि तो इटलीत येऊन राहिला. त्याच्या राज्यात कोणी गुलाम नव्हता आणि कोणाचे स्वतःचे असे काही नव्हते. ते राज्य गेले. वर्षातून एकदा, १७ डिसेंबरपासून काही दिवस, त्याची आठवण काढायची. हा सण कधी तीन दिवस, कधी पाच, कधी सात दिवस चाले. न्यायालये बंद. एरवी बंदी असलेला जुगार खुला. धन्याने टोगा उतरून ठेवायचा आणि डोक्यावर मुक्त झालेल्या गुलामाची टोपी घालायची. गुलामाने धन्याबरोबर जेवायला बसायचे. काही घरी धनीच वाढायला उभा राही. मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या एकमेकांना द्यायच्या. आणि एक तपशील असा आहे की तो विसरता येत नाही : सॅटर्नच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या बंधनाने बांधलेले असत, आणि फक्त या सणात ते सोडले जात. मॅक्रोबियस या पाचव्या शतकातील लेखकाने हे नोंदवले आहे. ज्याच्या राज्यात गुलाम नव्हता, त्या देवालाच बांधून ठेवलेले!

मराठी वाचकाला इथे बळीराजा आठवल्यावाचून राहणार नाही. ज्याच्या राज्यात सर्व सुखी होते, ज्याला वरच्या देवाने दडपले, आणि ज्याची आठवण आपल्या आयाबाया वर्षातून एकदा ओवाळताना काढतात. दोन्ही कथांचे एकमेकींशी नाते आहे असे मी म्हणत नाही; तसा पुरावा नाही. पण जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना हीच दृष्टी वापरली होती. सणात आणि कथेत पराभूतांचा इतिहास दडलेला असतो, असे मानून त्यांनी बळीकडे पाहिले. आणि त्याच पुस्तकात येशूला त्यांनी दुसरा बळीराजा म्हटले. 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. या धाग्याकडे मी शेवटी येईन.

सॅटर्नेलियाची ती मोकळीक किती खरी होती? कवी होरेस याने आपल्या एका रचनेत हा प्रसंग रंगवला आहे. दाव्हस नावाचा त्याचा गुलाम सणाच्या मोकळिकीचा फायदा घेऊन धन्याला चार खऱ्या गोष्टी ऐकवतो. तू मला गुलाम म्हणतोस, पण तू स्वतः तुझ्या वासनांचा, बड्या लोकांच्या आमंत्रणांचा गुलाम आहेस, असा त्याचा रोख असतो. होरेस ऐकतो, ऐकतो आणि शेवटी भडकतो. चालता हो, नाहीतर शेतावर राबायला पाठवीन, अशी धमकी देतो. रचना तिथेच संपते. सणाचे सारे तत्त्वज्ञान त्या धमकीत उघडे पडते. बोलण्याची मुभा असते, पण शेतावर पाठवण्याचा अधिकार सणातही धन्याकडेच राहतो.

रोम ख्रिस्ती झाले, सॅटर्न गेला. पण ते दिवस लगेच गेले नाहीत. ४४८-४९ मध्ये पोलेमियस सिल्वियस या ख्रिस्ती लेखकाने एक दिनदर्शिका तयार केली. तीत जुन्या देवांची नावे जवळजवळ गाळली आहेत. १७ डिसेंबरपुढे त्याने लिहिले : गुलामांची सुटी. देवाचे नाव पुसल्यावर त्या दिवसाचे जे उरले ते हे. मला वाटते, या विषयातली सर्वात प्रामाणिक नोंद हीच आहे.

मेजवानी पुढे चालू राहिली, मेणबत्त्या राहिल्या, भेटी राहिल्या; जानेवारीच्या पहिल्या दिवशीच्या रोमन भेटींचे नाव फ्रेंच भाषेत आजही नववर्षाच्या भेटीला आहे. गुलामगिरीही राहिली. सर्व चर्चपिते गप्प होते असे नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी निसाच्या ग्रेगरी नावाच्या बिशपने, देवाच्या प्रतिमेला किंमत लावणारा तू कोण, अशा अर्थाचा सवाल गुलाम विकत घेणाऱ्यांना केला होता. पण असा आवाज एकटाच राहिला.

आता दुसऱ्या एका ग्रेगरीकडे वळू. हा रोमचा पोप, पहिला ग्रेगरी. इंग्लंडमधील लोकांना ख्रिस्ती करण्याची मोहीम त्याने काढली. बीड सांगतो त्या कथेनुसार ग्रेगरीने पोप होण्यापूर्वी रोमच्या बाजारात काही गोरी, सोनेरी केसांची मुले विकायला उभी केलेली पाहिली. ती 'अँगल' जातीची आहेत असे कळल्यावर तो म्हणाला की ही तर देवदूतांसारखी, एंजलसारखी आहेत; यांच्या देशाला ख्रिस्त कळला पाहिजे. या शाब्दिक कोटीचे कौतुक गेली तेराशे वर्षे चालले आहे. ती मुले पुढे विकली गेली की सुटली, याविषयी बीड एक शब्दही लिहीत नाही.

इ. स. ६०१ च्या उन्हाळ्यात ग्रेगरीने इंग्लंडच्या केंट राज्याच्या राजाला लिहिले की मूर्तिपूजकांची देवळे पाडून टाक. थोड्याच दिवसांत त्याचे मन बदलले. इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस नावाच्या आपल्या माणसाला त्याने पत्र पाठवले. त्याचा आशय असा : देवळे पाडू नका, आतील मूर्ती तेवढ्या नष्ट करा. पवित्र पाणी शिंपडा, वेदी बांधा, संतांचे अवशेष ठेवा. लोक ओळखीच्या जागी अधिक सहज येतील. ते आपल्या देवांना पुष्कळ बैल बळी देतात. तोही सण एकदम बंद करू नका. चर्चच्या वर्धापनदिनी त्यांनी भोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालावेत, बैल कापावेत आणि ईश्वराची स्तुती करून खावेत. उंच जागी चढायचे ते पायरी-पायरीने, उडी मारून नव्हे.

ख्रिस्ती सणांमध्ये जुन्या चालीरीती कशा शिरल्या याचे याहून स्पष्ट कागदपत्र नाही. यात गुप्त कारस्थान नाही. उघड धोरण आहे. आणि व्यवहार म्हणून ते शहाणपणाचे आहे. नॉर्वेतही दहाव्या शतकात हाकोन राजाने जुना 'यूल' सण हलवून नाताळच्या दिवसांवर आणला आणि प्रत्येक घराने बियर गाळावी असा कायदा केला, असे आइसलँडचा इतिहासकार स्नोरी सांगतो. तिकडे नाताळला आजही 'यूल' च म्हणतात. बियर राहिली, नाव राहिले, लोक आले.

जाता जाता 'पेगन' या शब्दाविषयी. लॅटिन 'पागानुस' म्हणजे मुळात गावखेड्यातला माणूस. शहरी ख्रिस्ती लोकांनी इतर सर्वांना हे एकच नाव दिले. ज्यांना दिले त्यांनी स्वतःला कधी त्या नावाने ओळखले नव्हते. नाव देण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

ग्रेगरीच्या धोरणात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला. जुन्यातले काय निरुपद्रवी आणि काय घातक, हे ठरवणार कोण? इंग्लंडमध्ये बैल आणि मांडव होते. त्यांनी कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. हजार वर्षांनी हेच तत्त्व भारतात आले तेव्हा मांडवाच्या जागी जात होती.

रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये मदुराईला आला. ब्राह्मणांना ख्रिस्ती करायचे तर ब्राह्मणांसारखे राहिले पाहिजे, असे त्याने ठरवले. भगवी वस्त्रे, चंदन, शाकाहार, ब्राह्मण आचारी. आधी ख्रिस्ती झालेल्या परवा कोळ्यांपासून आणि त्यांच्यात काम करणाऱ्या धर्मगुरूपासून तो फटकून राहू लागला. बाटलेल्या ब्राह्मणांनी जानवे आणि शेंडी ठेवावी, ती धर्माची नव्हेत तर समाजातील दर्जाची चिन्हे आहेत, असा त्याचा युक्तिवाद होता. युरोपातही चर्चने परधर्मीयांच्या रीती अशाच सामावून घेतल्या होत्या, हा दाखला त्याच्या बाजूने होता. मोठा वाद झाला. १६२३ मध्ये पोपने निकाल दिला. या पोपचेही नाव ग्रेगरीच, पंधरावा. जानवे, शेंडी, चंदन यांना परवानगी मिळाली. उच्च कुळातील ख्रिस्तींनी खालच्यांचा तिरस्कार करू नये, अशी विनवणीही त्या पत्रात आहे. परवानगी पाळली गेली, विनवणी कागदावर राहिली.

त्यातून पुढे काय झाले? पराया ख्रिस्तींसाठी वेगळे धर्मगुरू, वेगळे दार, वेगळी जागा. मरणाऱ्या पराया माणसाच्या झोपडीत जाऊन अंतिम संस्कार द्यायलाही काही धर्मगुरू तयार नव्हते, कारण मग वरच्या जातींचे लोक त्यांना घरात घेईनात. १७४४ मध्ये पोप चौदावा बेनेडिक्ट याला यावर आदेश काढावा लागला, आणि त्यातली तडजोड अशी की पराया लोकांसाठी स्वतंत्र मिशनरी नेमावेत. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतील जातीच्या भिंती आपल्या काळापर्यंत उभ्या राहिल्या. जात ही 'समाजाची रीत' आहे, धर्माची नव्हे, असे एकदा मान्य केले की ती कोणत्याही धर्मात पाहुणी म्हणून जाऊ शकते आणि घरधनी होऊन बसते.

गोव्यात याच्या उलट घडले असे वाटेल. तिथे इन्क्विझिशनने १७३६ मध्ये फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या जुन्या चालींवर बंदी घातली. अंगणात तुळस नको. लग्नात ओव्या गायच्या नाहीत. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. बायकांच्या ओठांवरचे गाणे आणि चुलीवरचा भात यांच्यात इन्क्विझिशनला सैतान दिसला. बामण, चारडो, सुदीर हे भेद मात्र त्याच गोव्यातील ख्रिस्तींमध्ये टिकले. चर्चच्या सेवेकरी मंडळांतही कोणत्या जातीला कोणते स्थान हे ठरलेले असे. नव्या भाताची कणसे कापून चर्चमध्ये नेण्याचा सण गोव्यात आजही साजरा होतो. तो ख्रिस्तपूर्व कृषिसंस्कृतीतून आला आहे हे उघड आहे, आणि सुंदरही आहे. पण पहिले कणीस कापण्याचा मान परंपरेने गावकऱ्यांचा. ज्याच्या हातांनी वर्षभर चिखल तुडवला, त्याचा नव्हे. सणाचे मूळ शोधणाऱ्याने तो विळा कोणाच्या हातात आहे तेही पाहावे.

आता तो सोडलेला धागा. रोमन डिसेंबरची ती गुलामांची सुटी अठराशे वर्षांनी अमेरिकेच्या मळ्यांवर पुन्हा दिसते. रोमहून तिची परंपरा तिथे पोचली असे नाही; गुलाम ठेवणाऱ्यांना सगळीकडे तीच युक्ती सुचते. फ्रेडरिक डग्लस मेरीलँड राज्यात गुलामीत जन्मला, १८३८ मध्ये पळून मुक्त झाला आणि १८४५ मध्ये त्याने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. नाताळ ते नववर्ष हे दिवस गुलामांना सुटीचे असत, असे तो सांगतो. या दिवसांत जो काम करी, तो धन्याच्या नजरेतून उतरे. त्याने दारू प्यावी हीच अपेक्षा. कोण अधिक पितो यावर धनी पैजा लावत. हेतू असा की, स्वातंत्र्य म्हणजे हीच लोळण, असे गुलामाला वाटावे आणि त्याचा वीट येऊन तो आपणहून शेताकडे वळावा. डग्लसच्या मते या सुट्या नसत्या तर गुलामांनी उठाव केले असते. वाफ सोडून देण्याची ती झडप होती. होरेसच्या दाव्हसला जे बोलता आले नाही ते डग्लसने सांगितले, कारण तो बोलला तेव्हा त्याला शेतावर पाठवणारा धनी त्याच्यासमोर नव्हता.

पण झडप नेहमीच काम करते असे नाही. जमैका बेटावरील गुलामही नाताळला सुटी घेत. त्यांच्या नाताळात 'जोंकोनू' नावाचा मुखवट्यांचा नाच असे. डोक्याला बैलाची शिंगे लावलेला नाचणारा माणूस दारोदार फिरे. एडवर्ड लाँग याने १७७४ मध्ये त्याचे वर्णन केले आहे. हा नाच आफ्रिकेतून आलेल्यांचा. पेगन मूळच म्हणायचे तर तिथल्या नाताळाचे मूळ रोममध्ये नाही, गुलामांच्या जहाजातून आलेल्या माणसांच्या पायांत आहे.

१८३१ चा नाताळ रविवारी आला. रविवार एरवीही सुटीचाच, म्हणून गुलामांना आणखी एक दिवस हवा होता. मळेवाल्यांनी तो नाकारला. सॅम्युएल शार्प हा गुलाम बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन होता. त्याला वाचता येत होते. गुलामगिरीविरुद्ध इंग्लंडमध्ये चाललेल्या वादाच्या बातम्या तो वर्तमानपत्रांत वाचत असे आणि प्रार्थनेनंतर थांबलेल्या लोकांना सांगत असे. कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे बायबलमधले सूत्र त्याने त्यांच्यापुढे ठेवले. बेत साधा होता : नाताळची सुटी संपली की कामावर परत जायचे नाही, मजुरी ठरल्याशिवाय ऊस तोडायचा नाही. म्हणजे तो संप होता.

२७ डिसेंबरच्या संध्याकाळी केन्सिंग्टन मळ्याला आग लागली आणि एकामागून एक डोंगर उजळत गेले. हजारो गुलाम उठले. साठ हजारांपर्यंत आकडा सांगतात. चौदा गोरे मारले गेले. त्याच्या बदल्यात तीनशेहून अधिक गुलामांना फाशी किंवा गोळी देण्यात आली. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जमावांनी बॅप्टिस्ट प्रार्थनामंदिरे पाडली. ज्या धर्माने पायरी-पायरीने चढायला शिकवले होते, त्याच धर्माच्या ग्रंथातून कोणीतरी उडी मारायला शिकला, हे त्यांना सहन झाले नाही.

२३ मे १८३२ रोजी माँटेगो बे येथे शार्पला फाशी दिले. पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. त्यातही आधी 'उमेदवारी' च्या नावाखाली चार वर्षे फुकट राबवून घेतले आणि १८३८ मध्ये खरी सुटका झाली. भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले. ते गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना.

माँटेगो बे मधील त्या चौकाला आज सॅम शार्पचे नाव आहे. १९७५ मध्ये जमैकाने त्याला राष्ट्रवीर ठरवले. तेथे १ ऑगस्टला सार्वजनिक सुटी असते.